जमा, नावे आणि अव्यक्त : व्यापाऱ्याच्या दृष्टीने बीजगणित

व्यापाऱ्याच्या घरातील मुलास हिशेब वेगळा शिकवावा लागत नाही, असा आपल्या समाजात पूर्वापार समज आहे. आणि तो सर्वस्वी खोटाही नाही. आजची मुले पावकी, निमकी, पाऊणकी पाठ म्हणत नसली, तरी सुट्टीत दुकानावर बसणारा दहा-अकरा वर्षांचा मुलगा पाचशेच्या नोटेतून किती परत द्यावयाचे हे कागदाशिवाय सांगतो, आणि कोणाकडे किती येणे राहिले हेही त्याच्या ध्यानात असते. परंतु हाच मुलगा वरच्या इयत्तेत गेला, पुस्तकात अंकांच्या शेजारी अक्षरे येऊन बसली आणि शून्याच्या पलीकडे संख्यांची दुसरी रांग सुरू झाली, की त्याचा हात थबकतो. घरची वडीलधारी मंडळीही ‘हे आपल्या धंद्यात कोठे लागते?’ असे म्हणून बाजूस होतात. मग मुलाच्या मनात एक गाठ पक्की बसते : दुकानातला हिशेब वेगळा आणि शाळेतले गणित वेगळे.

ही गाठ सोडविण्याचा यत्न प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत. ऋण संख्या आणि साधी समीकरणे व्यापाऱ्यास परकी नाहीत. किंबहुना वही आणि तराजू या आपल्या दोन नित्याच्या वस्तूंतच त्यांचे मूळ आहे. ज्यास खाते कळते त्यास ऋण संख्या कळू शकते, आणि ज्यास काटा धरता येतो त्यास समीकरण सोडविता येते.

धन आणि ऋण

मोजण्याच्या १, २, ३ इत्यादी संख्या, शून्य, आणि शून्याखालच्या −१, −२, −३ इत्यादी संख्या, या सर्वांस मिळून पूर्णांक संख्या म्हणतात. शून्यावरच्या त्या धन आणि शून्याखालच्या त्या ऋण. या दोन नावांकडे आपले सहसा लक्ष जात नाही. धन म्हणजे संपत्ती आणि ऋण म्हणजे कर्ज. दोन्ही शब्द व्यवहारातलेच आहेत.

या दोन प्रकारच्या संख्यांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार व भागाकार यांचे नियम ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये ‘ब्राह्मस्फुटसिद्धान्त’ या ग्रंथात एकत्र सांगितले. त्याचे नाव भिल्लमाल या नगराशी जोडलेले आहे. भिल्लमाल म्हणजे राजस्थानातील आजचे भीनमाळ. श्रीमाल हे त्याचेच जुने नाव, आणि श्रीमाळी हे नाव त्यावरूनच पडलेले. सारखेच धन आणि सारखेच ऋण एकत्र आले तर शून्य होते, हा त्याचा एक नियम. खात्यात पाचशे जमा आणि पाचशे नावे असतील तर खाते चुकते झाले, असे आपण म्हणतो. दोहोंत अर्थाचा तिळमात्र फरक नाही.

त्यानंतर सुमारे सव्वादोनशे वर्षांनी महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. राष्ट्रकूट नृपती अमोघवर्ष याच्या कारकिर्दीतील हा ग्रंथ इ. स. ८५० च्या सुमाराचा आहे. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे कर्नाटकातील कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड. आरंभी वर्धमान महावीरांस वंदन करून या जैन आचार्यांनी गणित कोठे कोठे उपयोगी पडते ते सांगितले आहे. ग्रंथात व्याज, भागीदारी, सोन्याचा कस, मालाची अदलाबदल असे व्यवहारातले प्रश्न विपुल आहेत. मद्रासमध्ये १९१२ साली एम. रंगाचार्य यांनी तो इंग्रजी भाषांतरासह प्रसिद्ध केला, आणि १९६३ साली सोलापूरच्या जीवराज जैन ग्रंथमालेतून तो हिंदी अनुवादासह निघाला. ऋण संख्येस वर्गमूळ नसते, कारण कोणत्याही संख्येचा वर्ग ऋण होत नाही, ही गोष्ट आचार्यांनी त्यात स्पष्ट नोंदविली आहे.

युरोपातही या चिन्हांचा व्यापाराशी संबंध आहे. अधिक आणि वजा ही आज सर्व जगात चालणारी चिन्हे छापील पुस्तकात प्रथम आली ती १४८९ साली, लाइपझिग येथे छापलेल्या योहान्नेस विडमन याच्या पुस्तकात. आणि ते पुस्तक व्यापारी हिशेबाचे होते.

वजाला वजा गुणिले असता

बेरीज-वजाबाकीत मुलांना फारशी अडचण पडत नाही. एखाद्याकडे ३०० जमा असून त्याने ५०० चा माल नेला, तर त्याचे खाते −२०० वर आले, हे चटकन समजते. अडचण येते ती पुढच्या नियमाशी : ऋणास ऋणाने गुणिले असता धन का यावे? शाळेत हा नियम बहुधा पाठ केला जातो. आपण तो वहीत पाहू.

समजा, दिवाणजींनी एका गिऱ्हाइकाच्या खात्यात ५० रुपयांची एकच रक्कम चुकून तीन वेळा जास्त नावे टाकली. प्रत्येक नोंद −५० ची आहे. ३ × (−५०) म्हणजे −१५०. तेवढ्याने गिऱ्हाइकाचे खाते खाली गेले. आता चूक ध्यानात आली आणि त्या तिन्ही नोंदी खोडल्या. नोंद खोडणे म्हणजे काढून घेणे. म्हणून येथे तीन हा आकडा वजा चिन्हाचा झाला. (−३) × (−५०). खात्याचे काय झाले? ते १५० ने वर आले. म्हणजेच

(−३) × (−५०) = +१५०

कर्ज काढून घेतले की मनुष्य तेवढ्याने वर येतो, एवढाच या नियमाचा अर्थ. ऋणातून ऋण वजा करण्याचा नियमही याच जातीचा आहे. ८०० देणे असलेल्याचे ३०० सावकाराने सोडले, तर −८०० − (−३००) = −५००. येथे वजातून वजा करताना उत्तर शून्याकडे सरकले, कारण ओझे कमी झाले. भागाकाराचे नियम गुणाकारावरूनच निघतात : सारख्या चिन्हांचा भागाकार धन, विरुद्ध चिन्हांचा ऋण.

तराजू आणि समीकरण

आता अक्षरांकडे वळू. समीकरण म्हणजे स्थिर उभा असलेला तराजू. मधले बरोबरीचे चिन्ह ही दांडी. दोन्ही बाजू ही दोन पारडी. एका पारड्यात एक गूळभेली आणि दोन किलोचे वजन आहे, दुसऱ्यात सात किलोचे वजन आहे, आणि काटा मध्यावर आहे. भेली किती किलोची? दोन्ही पारड्यांतून दोन-दोन किलो काढले तर काटा हलत नाही, आणि भेली पाच किलोची ठरते. हेच लिहून दाखविले की झाले :

क्ष + २ = ७
क्ष = ७ − २ = ५

क्ष हे त्या न मोजलेल्या भेलीचे नाव. जुन्या ग्रंथकारांनी अशा राशीस ‘अव्यक्त’ असा सुंदर शब्द योजिला आहे. ती नाहीशी नसते. अजून प्रकट झालेली नसते, इतकेच.

एका बाजूची संख्या दुसऱ्या बाजूस गेली की तिचे चिन्ह बदलते, असे मुलांस सांगण्याचा प्रघात आहे. नियम उपयोगी आहे, पण कारण न सांगता दिला तर तो जादूसारखा वाटतो. खरे पाहता काहीच ‘पलीकडे जात’ नाही. दोन्ही पारड्यांत सारखेच घातले, सारखेच काढले, दोन्ही सारख्याच पटींनी वाढविली, किंवा दोहोंचे सारखे भाग केले, तर काटा मध्यावर राहतो. समीकरण सोडविण्याच्या सर्व पायऱ्या या एका वाक्यात येतात. पथ्य एकच : शून्याने भागू नये. शून्य भाग करणे या बोलण्याला अर्थ नाही, आणि तेथे काटा काहीच सांगत नाही.

नवव्या शतकात बगदादच्या अल्-ख्वारिझ्मी याने समीकरणांवर जो ग्रंथ लिहिला, त्याच्या नावातील ‘अल्-जब्र’ या शब्दावरून ‘अल्जिब्रा’ हा शब्द आला. त्याचा अर्थ एका बाजूची तूट भरून काढणे असा आहे. ‘मुकाबला’ म्हणजे दोन्ही बाजूंस समान असलेले उडविणे. वारसाहक्काची वाटणी आणि व्यापार यांत या विद्येचा उपयोग व्हावा, हा त्याचा उद्देश होता.

भास्कराचार्यांचे घोडे

भास्कराचार्यांनी ११५० साली पूर्ण केलेल्या ‘सिद्धान्तशिरोमणि’ ग्रंथाचा बीजगणित हा एक भाग आहे. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेव याने मठ स्थापल्याचा शिलालेख खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे सापडला, हे पुष्कळांस ठाऊक असेल. त्या बीजगणितात एका अव्यक्ताच्या समीकरणाचे उदाहरण आहे ते असे : एकाजवळ तीनशे नाणी आणि सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, परंतु त्याच्या डोक्यावर शंभर नाण्यांचे कर्ज आहे. दोघांची मत्ता समान आहे. तर एका घोड्याची किंमत काय?

घोड्याची किंमत क्ष मानू.

६ क्ष + ३०० = १० क्ष − १००

दोन्ही बाजूंतून ६ क्ष काढले :
३०० = ४ क्ष − १००

दोन्ही बाजूंत १०० मिळविले, म्हणजे दुसऱ्याचे कर्ज फेडले आणि पहिल्यासही तेवढेच दिले :
४०० = ४ क्ष
क्ष = १००

ताळा पाहा. पहिल्याची मत्ता ६०० + ३०० = ९००; दुसऱ्याची १००० − १०० = ९००. मत्ता मोजताना देणे वजा धरावयाचे, ही व्यापाऱ्याची नित्याची रीत बीजगणिताने जशीच्या तशी घेतली आहे.

भास्कराचार्य अव्यक्तास ‘यावत्तावत्’ म्हणत, म्हणजे जितके असेल तितके. आणि लिहिताना नुसते ‘या’ लिहीत. ज्ञात संख्येपुढे ‘रू’ हे अक्षर आणि ऋण संख्येवर एक टिंब असे. ‘यावत्-तावत्’ हे नाव मात्र त्यांच्याहून पुष्कळ जुने आहे. स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय गणले आहेत, त्या यादीतही ते आढळते.

दुकानातील तीन प्रश्न

येथवर पूर्वसूरींचे झाले. आता आजच्या दुकानात समीकरण कोठे लपलेले असते ते पाहू.

पहिला प्रश्न कराचा. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर लागू झाला. समजा, १८ टक्के कराची एक वस्तू करासह ११८० रुपयांस विकली. मूळ किंमत किती? घाईने ११८० चे १८ टक्के, म्हणजे २१२ रुपये ४० पैसे, वजा करून ९६७ रुपये ६० पैसे असे उत्तर काढणारे पुष्कळ भेटतात. पण कर मूळ किमतीवर आहे, एकूण रकमेवर नाही. मूळ किंमत क्ष मानली तर

क्ष + (१८/१००) क्ष = ११८०
११८ क्ष = १,१८,०००
क्ष = १०००

कर १८० रुपये. चुकीच्या रीतीने तो एका नगामागे ३२ रुपये ४० पैशांनी जास्त धरला गेला असता. शंभर नगांमागे ३२४० रुपयांनी.

दुसरा प्रश्न नफ्याचा. एक वस्तू ४०० रुपयांस पडली. विक्रीच्या किमतीवर २० टक्के नफा सुटावा अशी इच्छा आहे. किती किंमत लावावी? पुष्कळजण ४०० वर २० टक्के चढवून ४८० लावतात. पण ८० हे ४८० चे २० टक्के नव्हेत. ते फक्त एक षष्ठांश आहेत. विक्रीची किंमत क्ष मानावी :

क्ष − क्ष/५ = ४००
४ क्ष = २०००
क्ष = ५००

तिसरा प्रश्न मिश्रणाचा. चहाच्या दोन जाती आहेत. एक ३०० रुपये किलोची, दुसरी ४५० ची. दोन्ही मिसळून ३५० रुपये किलो पडतळीचा ३० किलो चहा तयार करावयाचा आहे. पहिल्या जातीचा चहा क्ष किलो घेतला तर दुसऱ्याचा (३० − क्ष) किलो घ्यावा लागेल.

३०० क्ष + ४५० (३० − क्ष) = १०,५००
१३,५०० − १५० क्ष = १०,५००
−१५० क्ष = −३०००
क्ष = २०

शेवटच्या पायरीत ऋणास ऋणाने भागले आणि उत्तर धन आले. पहिला चहा २० किलो, दुसरा १० किलो. ताळा : ६००० + ४५०० = १०,५००.

या तिन्ही प्रश्नांत आकडेमोड अगदी साधी आहे. चूक होते ती आकडेमोडीत नव्हे. टक्के कशावर, भाव कशाचा, हे ठरविण्यात होते. अव्यक्ताला नाव दिले की हे आपोआप ठरवावे लागते, आणि येथेच बीजगणिताचा खरा उपयोग आहे.

उत्तराची पारख

समीकरण सुटले म्हणजे काम संपले असे नाही. आलेले उत्तर त्या वस्तूस शोभते की नाही हेही पाहावे लागते.

एका गिऱ्हाइकाच्या खात्याची आरंभीची शिल्लक पुसली गेली आहे. नंतर त्याने ७०० रुपये भरले, ९५० चा माल नेला, आणि अखेरीस त्याच्याकडे ४०० येणे निघाले.

क्ष + ७०० − ९५० = −४००
क्ष = −१५०

ऋण उत्तर आले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आरंभीच त्याच्याकडे १५० येणे होते, इतकाच त्याचा अर्थ. परंतु हेच −१५० पोत्यांच्या संख्येसाठी आले असते, तर माहितीत काही तरी चुकले आहे असे समजावे. भास्कराचार्यांनीही वानरांच्या एका प्रसिद्ध उदाहरणात ५० आणि ५ अशी दोन उत्तरे काढली आणि दुसरे टाकून दिले. कारण त्यात वानरांचा एक गट ऋण होत होता, आणि लोकांस ते मान्य होणार नाही, असे त्यांनी म्हटले आहे.

पूर्णांकांचा आणखी एक उपयोग बिल तपासण्यात होतो. एका वस्तूची किंमत ४५ रुपये, दुसरीची ६० रुपये. सूट किंवा इतर आकार काही नाही. आणि बिल आले १००० रुपयांचे. नग किती आणले हे पाहण्यापूर्वीच हे बिल चुकीचे आहे असे सांगता येते. ४५ आणि ६० या दोहोंस १५ ने भाग जातो. म्हणून कितीही नग घेतले तरी एकूण रकमेस १५ ने भाग गेलाच पाहिजे. १००० ला तो जात नाही. बिल १००५ चे असते तर ते शक्य आहे, आणि एकूण नग १९ आहेत एवढे कळले तर पुढचेही निघते : पहिल्या वस्तूचे ९ नग, दुसरीचे १०. उत्तर पूर्णांकच असले पाहिजे, या अटीवर जुन्या गणितज्ञांनी ‘कुट्टक’ नावाची एक सबंध शाखा उभारली. महावीराचार्यांनीही तिच्या विविध प्रकारांस विस्तृत स्थान दिले आहे.

आज याची गरज काय?

कोणी म्हणेल की आता खतावणी संगणकावर होते. बेरीज तो करतो, कर तो काढतो. मग मुलांनी या पायऱ्या का शिकाव्या? याचे उत्तर वरील कराच्या उदाहरणातच आहे. संगणक बेरीज चुकत नाही, हे खरे. परंतु टक्के एकूण रकमेवर धरावयास सांगितले, तर तो तेच चुकीचे उत्तर पैशापर्यंत अचूक काढून देतो, आणि छापील आकड्यावर कोणी शंका घेत नाही. पूर्वी दिवाणजींची नजर पानावरून फिरत असे आणि न जुळणारी रक्कम त्यांस खटके. ती नजर पुढच्या पिढीस कोठून यावयाची? आमच्या मते ती येथूनच यावयाची : काय ज्ञात आहे, काय अव्यक्त आहे, आणि त्यांचा परस्परसंबंध काय, हे मांडण्याच्या सवयीतून.

म्हणून वडीलधाऱ्यांस आमची विनंती अशी की, मुलाच्या वहीत अक्षरे दिसली म्हणून बाजूस होऊ नये. आपण जे मनात करतो तेच त्यास कागदावर करावयाचे आहे. त्यास आपली वही दाखवावी, जमा कशास म्हणतात व नावे कशास ते सांगावे, आणि त्याचे समीकरण आपण तराजूच्या भाषेत समजून घ्यावे. मुलीही आज हिशेब आणि दुकाने उत्तम प्रकारे सांभाळत आहेत; हे शिक्षण घरातील दोघांसही सारखेच मिळावे. वडिलांजवळ अनुभव आहे आणि मुलांजवळ रीत आहे. दोहोंची सांगड घरातच पडली पाहिजे.

आरंभ करण्यासाठी बालवाचकांकरिता एक उदाहरण देतो. एका गिऱ्हाइकाचे खात्यात ३०० रुपये जमा होते. त्याने तीन वेळा सारखीच रक्कम भरली आणि एकूण २६०० रुपयांचा माल नेला. अखेरीस त्याच्याकडे ५०० रुपये येणे राहिले. तर त्याने दर वेळी किती रुपये भरले? उत्तर ६०० येते. परंतु नुसते उत्तर सांगू नये. अखेरची शिल्लक −५०० का लिहावयाची हे घरातील एखाद्या मोठ्या माणसास समजावून द्यावे, सर्व पायऱ्या वहीत मांडाव्या, आणि शेवटी ताळा घेऊन मगच पान उलटावे.